लेखकाचा रकाना

कुंभकोणम्,
६ जुलै १९५५

ती. सौ. जयाक्कास,
सा. नमस्कार.

काल दुपारी अप्पांच्या नावानं नागपूरहून एक पाकीट आलं. वर 'विद्वद्वर्य श्री. मुकुंदराव' असं लिहिलेलं. पोस्टमननं दारातून विचारलं, "मुकुंदराव म्हणजे आपले जनन-मरणवालेच ना? की दुसरे कुणी?" अप्पांनी नगरपालिकेत अठ्ठावीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहिल्या. या गल्लीत त्यांना दुसरं नाव नाही.

आत एका प्राध्यापकांचं पत्र होतं. 'वादळाची सूचना साक्कोट्टै गावात कशी पोचली, यावरील आपला लेख आम्ही वारंवार वाचतो. माझ्या दोन लेखांत त्याचा आधार घेतला आहे. डिसेंबरच्या आमच्या परिषदेत आपण भाषण करावे. आपला शाल देऊन सत्कार करण्याची सभेची इच्छा आहे.'

आपला लेख म्हणजे माझा लेख, अक्का. बावन्न सालच्या कार्तिकातल्या वादळानंतर मी चिखलातून साक्कोट्टैची एकशेबारा घरं फिरले, ते तुला ठाऊक आहे. 'वादळ येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?' हा पहिला प्रश्न. एकाहत्तर घरांनी मणियकाराचं, म्हणजे तुमच्याकडच्या पाटलाचं, नाव सांगितलं. मग मी दुसरा प्रश्न विचारला, 'तुम्ही स्वतःच्या कानांनी कुणाचा आवाज ऐकला?' तेव्हा मणियकाराचं नाव सांगणारी फक्त दोन घरं उरली. बाकीच्यांनी दहीवालीचा आवाज ऐकला होता. ती रोज पहाटे इथं कुंभकोणमच्या कॉफी क्लबात दही घालते, तिथल्या रेडिओवर तिनं सूचना ऐकली आणि दह्याची मडकी तिथंच टाकून ती तीन मैल साक्कोट्टैला पळत गेली. माझा सगळा लेख या दोन प्रश्नांवर उभा आहे. माझं मराठी तू सुधारलंस, लेख तुझ्या त्रैमासिकाच्या कचेरीत तूच दिलास, आणि जानेवारीत तो छापून आला तेव्हा मी तुला नारळीपाकाच्या वड्या पाठवल्या.

अंक पुन्हा काढून पाहिला. लेखाखाली 'त्रिपुरसुंदरी मुकुंदराव' असं छापलंय. तेव्हा आनंदात माझ्या लक्षात आलं नाही. आपल्याकडची रीत तुला मी काय सांगू! आपल्याला आडनाव नाही, बापाच्या नावाचं अक्षर पुढं आणि आपलं नाव मागं. मी 'मु. त्रिपुरसुंदरी' असंच लिहून दिलं होतं. तुमच्याकडे शेवटचं नाव तेच आडनाव समजतात. नागपूरकरांनी मुकुंदरावांना उचललं आणि त्रिपुरसुंदरीला वाटेत सोडून दिलं.

मला हसू आलं असतं. पण मद्रासच्या संशोधनवृत्तीसाठी ३१ ऑक्टोबरपर्यंत अर्ज करायचा आहे. छापलेलं लेखन आणि 'इतर अभ्यासकांनी घेतलेली त्याची दखल' यांची यादी जोडायची आहे. मी बी.ए. झाले तेव्हा अप्पांनी गल्लीत साखर वाटली. पण त्या पदवीवर पुढं काही घडलं नाही, तर मला माघात कोइंबतूरच्या स्थळाकडे दाखवायचं ठरलंय. पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापून आण. एवढंच काम आहे.

तुझी,
त्रिपुरसुंदरी


पुणे,
१४ जुलै १९५५

चि. त्रिपूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आणि तुझे भावजी पोट धरून हसलो. काकांना शाल! आता शेजारच्या वकिलापुढे त्यांना कोण आवरणार!

चूक रीतीचीच आहे, दुसरं काही नाही. लेखकाची चिठ्ठी मी भरली होती. तीत 'नाव' आणि 'आडनाव' असे दोन रकाने असतात. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर छापखान्यातला अक्षरं जुळवणारा जुळारी आरडाओरडा करतो, म्हणून मी काकांचं नाव घातलं. इथं मलासुद्धा सगळे 'मिसेस राव' म्हणतात, जसे काही राव नावाचे कुणी गृहस्थ माझे सासरे आहेत.

सरांच्या कानावर घालते. संपादक माणूस, कामात असतात. दुरुस्ती होईल. इतकं मनाला लावून घेऊ नकोस. लेख वाचला जातोय, त्याचा आधार घेतला जातोय, हे काय थोडं झालं? इथं मोठ्या मोठ्या प्राध्यापकांचे लेख बांधणीवाल्याशिवाय कुणी उघडत नाही.

काकूला नमस्कार. वड्या पुन्हा पाठवल्यास तर मी नको म्हणणार नाही.

तुझी,
जयाक्का


कुंभकोणम्,
११ ऑक्टोबर १९५५

जयाक्कास नमस्कार.

तीन महिने मी वाट पाहिली. काल नवा अंक आला. दुरुस्ती शोधायला मी शेवटचं पान उघडलं आणि सापडलं ते संपादकीय. 'तंजावर प्रांतातील ज्येष्ठ व अनुभवी अभ्यासक श्री. मुकुंदराव यांनी वृत्तप्रसाराच्या अभ्यासास जी दृष्टी दिली...'

ज्येष्ठ! अनुभवी!

मग मी लायब्ररीत जाऊन हाती लागले तेवढे अंक आणि अहवाल चाळले. माझ्या लेखाचा आधार आतापर्यंत सात ठिकाणी घेतलाय. नागपूरला दोन, बडोद्याला एक, मुंबईला एक, तुमच्याच त्रैमासिकात दोन, आणि पूरसूचनेवरच्या एका सरकारी अहवालात एक. सातही ठिकाणी 'श्री. मुकुंदराव'. अहवालात तर 'श्री. मुकुंदराव यांनी स्वतः गावोगाव हिंडून' असं आहे. अप्पा गुडघेदुखीमुळे महामहम तळ्याच्या पलीकडे जात नाहीत!

आणि अप्पांना हे आवडू लागलंय. हेच मला सगळ्यात लागतं. वाचताना ते चष्मा नाकाच्या टोकावर ओढतात. वकील आले की तो जानेवारीचा अंक टेबलावर असतो. त्यांनी नागपूरला 'येतो' असं कळवून टाकलंय, मला न सांगता. काल मी विचारलं.

"अप्पा, तिथं उभं राहून तुम्ही काय सांगणार?"

"तूं लिहून दे, मी वाचीन. घरांतलाच मान आहे गे. बापाकडे आला काय नि लेकीकडे आला काय!"

"अप्पा, वादळाच्या दिवशी तुम्हीही कॉफी क्लबात होता. रेडिओ तुम्हीही ऐकलात. मग तुम्ही कुणाला सांगितलंत?"

त्या दिवशी ते घरी आले, दार लावलं आणि पांघरूण घेऊन झोपले. आई अंगणात वाळत घातलेले अप्पळम्-पापड गोळा करत होती, तिलासुद्धा सांगितलं नाही. हे मी लेखात घातलं नव्हतं. काल तोंडावर म्हटलं. आई म्हणाली, "बापाशी अशी बोलतेस?" मी म्हटलं, बापाशी नाही, ज्येष्ठ अभ्यासकांशी बोलतेय.

आता तुला विचारते. तुमच्या अंकाची प्रत्येक ओळ तुझ्या नजरेखालून जाते. ते संपादकीय तूच तपासलंस. 'ज्येष्ठ' या शब्दावर तुझा हात थांबला का? जुलैत तू 'सरांच्या कानावर घालते' म्हणालीस, ते घातलंस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. वीस दिवस उरलेत.

त्रिपुरसुंदरी


पुणे,
१९ ऑक्टोबर १९५५

त्रिपुरसुंदरीस,

नाही. घातलं नाही.

आता पुढचंही ऐक. गेल्या डिसेंबरात तुझा लेख मी सरांच्या टेबलावर ठेवला. त्याच्या आदल्या वर्षी एका बाईंचा लेख मी असाच ठेवला होता. तो अकरा महिने पडून राहिला, त्यावर चहाचे डाग पडले आणि शेवटी परत गेला. तुझा लेख सरांनी एका तासात वाचला. बाहेर आले आणि म्हणाले, "मिसेस राव, हे मुकुंदराव कोण?" मी म्हटलं, "माझे काका." ते खुर्चीवरून उठून माझ्या टेबलाशी आले होते, त्रिपू. सहा वर्षांत पहिल्यांदा. "कुठल्या कॉलेजात असतात?" मी म्हटलं, "निवृत्त आहेत." हे खोटं होतं का? नव्हतं. पुढचं वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही.

या कचेरीत मला काय म्हणतात ठाऊक आहे? बखरबाई. मी 'कोठें' म्हटलं की जुळारी हसतात. 'मज' म्हटलं की सर म्हणतात, "बोला, आपल्या पदरी किती घोडदळ आहे?" घरी जशी आई बोलायची तसं मी बोलते, एवढाच माझा गुन्हा. त्या दिवसापासून मात्र मी मुकुंदरावांची पुतणी झाले. सर मला तंजावरबद्दल विचारू लागले. मला ते हवं होतं. घे, लिहून दिलं.

पण तू ज्या तोऱ्यानं विचारतेस, त्या तोऱ्याचा मलाही राग येतो. तुझा लेख मी चार वेळा तपासलाय, तो मला पाठ आहे. पान चौदा: 'गावचे मणियकार श्री. महालिंग पिळ्ळै यांच्या म्हणण्याप्रमाणे'. आधी हुद्दा, मग श्री., मग त्यांचं पूर्ण नाव. त्याच पानावर: 'एक दहीवाली'. पुढे 'सदर स्त्री'. पुढे नुसतंच 'ती'. शेवटपर्यंत 'ती'.

सगळं गाव जिच्यामुळे जिवंत राहिलं असं तू लिहितेस, तिचं नाव काय, त्रिपुरसुंदरी? तुला ठाऊक नव्हतं, की लिहिण्याजोगं वाटलं नाही?

तू माझ्याकडे हो किंवा नाही मागितलंस. आता तू दे.

जयलक्ष्मी


कुंभकोणम्,
४ डिसेंबर १९५५

अक्का,

दीड महिना लिहिलं नाही. रागात तुझं पत्र फाडून टाकलं, आणि मग ते तुकडे पेटीत ठेवले.

तिचं नाव शिवकामी. मला ठाऊक होतं. टिपणवहीत सात वेळा लिहिलेलं आहे. पण घरोघर भरायचे जे कागद मी केले होते, त्यांत 'घरमालकाचे नाव' असा रकाना होता. ती विधवा, भावाच्या ओसरीवर राहते. तिला रकाना नव्हता. ते कागद मी स्वतः आखले होते, अक्का. कुणा सरांनी आखले नव्हते.

मद्रासचं उत्तर आलं. उतरवून पाठवते म्हणजे माझ्याबरोबर तूही जळशील. 'आपल्या नावावर प्रकाशित लेखन आढळत नाही. श्री. मुकुंदराव यांच्या संशोधनात आपण साहाय्य केले असल्यास तसे त्यांचे प्रमाणपत्र जोडून पुढील वर्षी अर्ज करावा.' माझ्या लेखात मी मदत केली, असं प्रमाणपत्र मी माझ्या बापाकडून आणायचं!

ते पत्र मी अप्पांच्या पुढ्यात टाकलं आणि तडक साक्कोट्टैला गेले. शिवकामी गोठ्यात शेण भरत होती. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "तुझी बातमी मी पुण्याला छापली, पण तुझं नाव घातलं नाही." ती तमिळमध्ये जे बोलली ते जमेल तसं मराठीत देते.

"त्यात काय एवढं? वादळानंतरच्या उत्सवात इथल्या देवळात मणियकाराच्या डोक्याला परिवट्टम् बांधलं." म्हणजे देवाचं मानाचं रेशमी वस्त्र. "गाव वाचवलं म्हणून! मी मागं उभी होते. त्या दिवशी त्याच्या दाराशी मी घसा फोडून ओरडले तेव्हा आतून म्हणाला, आज दही नको."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"त्यांचं मला काही नाही, अम्मा. त्यांनी मला कधी विचारलंच नाही. तू विचारलंस. तीन वेळा आलीस, माझ्या ओसरीवर बसलीस, नाव विचारून लिहून घेतलंस. तेव्हा मी भावजयीला म्हटलं, बघ, कागदावर गेलं. आणि तूच ते काढलंस."

अक्का, पाच महिने मी सगळ्यांवर चिडले. नागपूर, बडोदा, तुझे सर, तू, अप्पा. त्या गोठ्यात मला चिडायला जागाच राहिली नाही.

घरी आले तर अप्पा लिहीत बसलेले. नागपूरच्या प्राध्यापकांना त्यांनी स्वतःच पत्र लिहिलंय, नगरपालिकेच्या नोंदवहीत लिहायचे त्याच पद्धतीनं. मी नक्कल करून घेतली:

'सदर लेखाचे जन्मस्थळ साक्कोट्टै. जन्म दिनांक २ मार्च १९५४. जन्म देणारीचे नांव त्रिपुरसुंदरी. पित्याचे नांव: नाहीं. माझें नातें आजोबाचें. आजोबास शाल देण्याची रीत आमचेकडे नाहीं. अठ्ठावीस वर्षें नांवें लिहिलीं, त्यांत चुकीची नोंद एकही केली नाहीं. ही पहिली, ती मी खोडतों. येणें होणार नाहीं.'

टपालात टाकायला ते स्वतः गेले. परत आल्यावर गुडघा चोळत एवढंच म्हणाले, "त्या दिवशीं मी भ्यालों होतों गे. दुसरें कांहीं नव्हतें."

आता तुझी पाळी. मला दोन ओळी हव्यात. एक माझ्या नावाची, एक तिच्या. पहिलीला जागा नसली तर दुसरी आधी छापा.

त्रिपुरसुंदरी


पुणे,
२० जानेवारी १९५६

चि. त्रिपूस आशीर्वाद.

नागपूरच्या प्राध्यापकांनी काकांचं पत्र जसंच्या तसं सरांकडे पाठवलं. सोबत त्यांची एक ओळ: 'परिषदेतील सत्काराचा कार्यक्रम रद्द केला आहे.' मला वाटलं होतं, आता तुला बोलावतील. शाल तीच, लेख तोच. पण नाही. लेख ज्येष्ठांचा होता तोवर तो दृष्टी देणारा होता.

सरांनी मला आत बोलावलं. "मिसेस राव, तुम्ही आमची फसवणूक केलीत."

मी म्हटलं, "हो, मी केली. दुरुस्ती छापा."

"छापली तर ज्यांनी ज्यांनी आधार घेतला त्यांचं हसं होईल."

"होऊं द्या," मी म्हटलं. मुद्दाम आपल्या घरच्या उच्चारात म्हटलं. "त्यांनी लेख वाचला असता तर 'मी पदर खोचून ओढा ओलांडला' हें वाक्य त्यांस दिसलें असतें. सात ठिकाणीं आधार घेतला, नि एकालाही पदर दिसूं नये?"

ते लालबुंद झाले. महिनाअखेरीस काम सोडा, म्हणाले. मी म्हटलं, अंक बांधून झाला की सोडते.

त्रिपू, अंक बांधायच्या वेळी सर कधी छापखान्यात उतरत नाहीत. त्यांना खळीचा वास सोसत नाही. ज्या जुळाऱ्यानं मला बखरबाई हे नाव दिलं, त्याच्यापुढे मी तुझं चार डिसेंबरचं पत्र वाचलं. त्यानं अक्षरांचे खिळे उचलले आणि म्हणाला, "बाई, नाव नीट सांगा. कामी की गामी?" चारशे चिठ्ठ्या त्यानं छापल्या, आणि मी माझ्या हातानं नव्या अंकातही पान चौदासमोरच येईल अशी एकेक चिकटवली. चारशेच्या चारशे अंक काल टपालात गेले. बडोदा, मुंबई, नागपूर, सगळीकडे. सोबत तुझी प्रत पाठवते.

जुलैत मी हसले, त्याबद्दल तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी ऐकून घेईन.

तुझी,
जयाक्का

चिठ्ठी अशी:

'शुद्धिपत्र. जानेवारी १९५५च्या अंकातील वादळाच्या सूचनेवरील लेख कु. त्रिपुरसुंदरी (कुंभकोणम्) यांनी लिहिला आहे. श्री. मुकुंदराव हे त्यांचे वडील होत. लेखात जिचा उल्लेख "दहीवाली" असा आहे, त्या साक्कोट्टैच्या शिवकामी होत. गावास सूचना त्यांनी दिली. मणियकारांनी दिली नाही.'


कुंभकोणम्,
२ फेब्रुवारी १९५६

ती. सौ. जयाक्कास,
सा. नमस्कार.

तुझी नोकरी गेली, आणि मी तुला काय म्हणू? चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं. ते तू आपल्या मनानं घातलंस. तेच मला सगळ्यात आवडलं.

कोइंबतूरच्या मंडळींना अप्पांनीच कळवलं, मुलगी यंदा कामात आहे. दुसरा लेख मी सुरू केलाय. त्यासाठी नवे कागद आखले. अप्पांनी पट्टी धरली, मी रेघा ओढल्या. 'घरमालकाचे नाव' हा रकाना काढून टाकलाय. आता पहिला रकाना 'बोलणाऱ्याचे नाव' असा आहे. मद्रासला पुन्हा अर्ज करीन. आधार घेणाऱ्यांपैकी एकाही विद्वानाचं अजून पत्र आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही. मी दर अंक उघडून पाहणार आहे. कुणी पुन्हा 'श्री. मुकुंदराव' लिहिलं, तर त्याला एक कार्ड जाईल. पत्त्यांची यादी तयार आहे.

अंक घेऊन मी शिवकामीकडे गेले. तिला देवनागरी येत नाही, तमिळही जेमतेम. मी वाचून अर्थ सांगितला. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग बोटानं विचारलं, यात मी कुठं आहे? मी दाखवलं. ओलं बोट लुगड्याला पुसून तिनं त्या अक्षरांवर ठेवलं.

"हे पुस्तक मणियकाराच्या घरी जाणार का?"

"नाही. तो वर्गणीदार नाही."

"मग मला दे."

तिनं अंक पाटीत ठेवला, त्यावर दह्याचं मडकं ठेवलं आणि फेरीला निघाली. मी तिच्या मागोमाग गेले नाही, कुणाला प्रश्नही विचारले नाहीत.

काल ती कॉफी क्लबाच्या दारात भेटली. मणियकाराच्या घरानं तिचं दही बंद केलंय. म्हणजे बातमी तिथंही पोचली, आणि या वेळी कुणी आणली हे त्यांना नीट कळलं.

तुझी,
त्रिपुरसुंदरी